जोन सदरलंड : एका कंठाचे चरित्र
(प्रस्तावना)

राज्यकर्त्याच्या कर्तृत्वाचे दाखले दप्तरांतून हुडकून काढता येतात आणि सेनापतीच्या मोहिमांचे नकाशे रेखाटता येतात. परंतु ज्याने जन्मभर केवळ कंठाची सेवा केली, त्याच्या चरित्रकारास हाती धरण्यासारखे साधन फार थोडे मिळते. काही तारखा, काही करारनामे, वृत्तपत्रांतील अभिप्राय आणि, विसाव्या शतकात जन्म झालेला असल्यास, ध्वनिमुद्रिका, एवढ्याच सामग्रीवर त्याला आपली इमारत उभारावी लागते. जोन सदरलंड ह्या ऑस्ट्रेलियन गायिकेचे चरित्र मराठीत आणताना ही अडचण दुणावते, कारण ऑपेरा ही कला आपल्याला नावाने परिचित असली तरी अनुभवाने दूरची आहे. मुंबईत गिरगावाजवळ ऑपेरा हाउस नावाची वास्तू शंभराहून अधिक वर्षे उभी असून तिच्यावरून त्या सबंध भागास नाव पडले आहे. परंतु त्या नावाचा रोज उच्चार करणाऱ्यांपैकी फारच थोड्यांच्या कानांवर एखादा संपूर्ण ऑपेरा पडला असेल. म्हणून चरित्रनायिकेच्या जीवनाकडे वळण्यापूर्वी ती ज्या विद्येची अधिकारी होती, त्या विद्येविषयी थोडा विस्तार करणे मला अगत्याचे वाटते.

सोप्रानो हा ऑपेरातील स्त्रीकंठांपैकी सर्वांत उंच पट्टीचा कंठ होय. त्याचे जे पोटभेद आहेत, त्यांपैकी कोलोरातुरा ह्या पोटभेदाकडून संगीतकाराच्या अपेक्षा अत्यंत कठोर असतात. द्रुत लयीतील दीर्घ स्वरमालिका त्याने दाणेदारपणे उतरवाव्यात, शेजारच्या दोन स्वरांमध्ये अतिजलद आवर्तने घेणारी ट्रिल त्याने डळमळू न देता पेलावी, एकच स्वर क्षीण आवाजात उचलून, फुलवून, पुन्हा तितक्याच क्षीणतेवर आणून सोडावा, आणि पियानोवरील मधला सी हा षड्ज मानला तर त्याच्यापासून दोन सप्तके वर चढून, त्याहीपुढील कोमल गंधारास त्याने निःशंक स्पर्श करावा. हे सर्व ध्वनिक्षेपकाच्या साहाय्यावाचून, पूर्ण वाद्यवृंदाच्या वरताण, दोन हजारांहून अधिक आसनांच्या नाट्यगृहातील शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचले पाहिजे, ही अट तर गृहीतच धरलेली असते.

आपल्या ख्यालगायकीतील तानेशी ह्या अलंकरणाचे नाते सहज लक्षात येईल. परंतु त्या नात्याची मर्यादाही वाचकांनी ध्यानात ठेवावी. आपला गवई तान त्या घटकेला रचतो, आणि तिची जबाबदारी सर्वस्वी त्याची असते. ऑपेरात संगीतकाराने बहुतेक स्वर लिहून ठेवलेले असतात, तरी हँडेलच्या काळी गीताचा पूर्वभाग पुन्हा गाताना तो नव्या अलंकारांनी सजवावा आणि विरामाच्या जागी स्वतःची स्वरावली घालावी, हा गायकांचा मान्य हक्क होता. रोसिनीच्या उमेदीच्या दिवसांतही ही वहिवाट चालू होती. पुढे संगीतकारांनी हा हक्क क्रमाक्रमाने काढून घेतला आणि त्याबरोबर तो बजावण्याची विद्याही क्षीण होत गेली. व्हॅगनरच्या विराट वाद्यवृंदाने आणि त्यानंतरच्या इटालियन वास्तववादी ऑपेराने अभिरुचीच पालटली. रोसिनीचे गंभीर ऑपेरा रंगभूमीवरून जवळजवळ नाहीसे झाले, आणि बेल्लिनी व दोनिझेत्ती ह्यांच्या ज्या मोजक्या कृती उरल्या, त्या बहुशः हलक्या, नाजूक कंठांच्या ताब्यात गेल्या. ह्या कंठांनी उंच स्वर लीलेने घेतले ह्यात संशय नाही; परंतु त्या भूमिकांतील शोक, क्रोध आणि उन्माद त्यांच्या हातून निसटले, आणि अलंकार म्हणजे निव्वळ कसरत होय, असा समज रूढ झाला. मारिया कॅलास ह्यांनी १९४९ साली व्हेनिस येथे, वाद्यवृंदनायक तुलिओ सेराफिन ह्यांच्या मार्गदर्शनाखाली, व्हॅगनरची ब्रूनहिल्ड गात असतानाच बेल्लिनीच्या ‘पुरितानी’तील एल्विरा गाऊन त्या समजास पहिला मोठा धक्का दिला. सदरलंडबाईंचे कार्य ह्याच वाटेवरचे आहे. आणि वृद्ध सेराफिन दोघींच्याही उत्कर्षाच्या प्रसंगी उपस्थित असावेत, हा योग चरित्रकाराने आवर्जून नोंदविण्यासारखा आहे.

जोनचा जन्म ७ नोव्हेंबर १९२६ रोजी सिडनी येथे झाला. वडील स्कॉटलंडहून आलेले शिंपी होते. मुलीच्या सहाव्या वाढदिवशीच त्यांचे देहावसान झाले. आई म्युरिएल ह्यांचा कंठ मेझो-सोप्रानो जातीचा व उत्तम तयारीचा होता, परंतु तो घराबाहेर व्यवसाय म्हणून कधी आलाच नाही. ही बाई घरातील पियानोपुढे बसून आपला नित्याचा रियाज करी आणि मुलगी शेजारी बसून तिचे अनुकरण करी. श्वास कोठे घ्यावा, कोठे राखावा आणि सुरावर ताण न आणता तो कसा खर्चावा, ह्या गोष्टी तिला कोणी शिकविल्या असे म्हणण्यापेक्षा त्या तिच्या अंगवळणी पडल्या असेच म्हटले पाहिजे. तिचाही कंठ आपल्यासारखाच मेझो आहे, असे आईचे मत होते. सोळाव्या वर्षी शाळा सोडून मुलीने टंकलेखनाचे शिक्षण घेतले आणि कचेरीत नोकरी धरली. गायनाची रीतसर तालीम अठराव्या वर्षी जॉन आणि आयडा डिकन्स ह्या दांपत्याकडे सुरू झाली. हा कंठ सोप्रानो आहे हे त्यांनी ओळखले. तथापि तो व्हॅगनरच्या भूमिकांना योग्य असा भारदस्त सोप्रानो होईल, ह्याच समजुतीने पुढील शिक्षण चालले, आणि नॉर्वेच्या कर्स्टन फ्लागस्टाट ह्यांच्यासारखे गाता यावे हीच त्या तरुण मुलीचीही आकांक्षा होती. १९४७ साली पर्सेलच्या ‘डायडो अँड ईनिअस’मधील डायडो ती जाहीर रीतीने गायली. १९४९ आणि १९५० साली गायनस्पर्धांत बक्षिसे मिळाली, त्या पैशांवर १९५१ साली मायलेकी लंडनला निघाल्या.

लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ म्युझिकमध्ये क्लाइव्ह केरी ह्यांच्या हाताखाली अध्ययन चालू असताना कॉव्हेंट गार्डन येथील नाट्यगृहाकडे अर्ज करण्यात आला. पहिल्या चाचण्यांत तो नामंजूर झाला. अखेर १९५२ साली, पडेल ती भूमिका करणारी गायिका म्हणून, बाईंची नेमणूक झाली. २८ ऑक्टोबर १९५२ रोजी मोझार्टच्या ‘मॅजिक फ्लूट’मध्ये रात्रीच्या राणीच्या तीन दासींपैकी पहिली, हे त्यांचे तेथील पदार्पण. पुढच्याच महिन्यात ‘नॉर्मा’मध्ये त्यांनी क्लोटिल्डे ह्या सखीची अगदी लहान भूमिका केली; नॉर्मा होत्या मारिया कॅलास. चार पावलांवर उभे राहून एका थोर कलावतीचे गाणे रात्रीमागून रात्री ऐकण्याची ती संधी होती, आणि बाईंनी ती वाया जाऊ दिली नाही. ह्या उमेदवारीच्या सात वर्षांत त्यांनी काय गायले नाही? व्हॅगनरच्या वाल्क्यूरींपैकी एक, व्हेर्डीची अमेलिया व डेस्डिमोना, वेबरची आगाथे, मोझार्टची काउंटेस, टिपेटच्या ‘मिडसमर मॅरेज’ ह्या नव्या ऑपेरातील जेनिफर, पूलँकच्या ‘कार्मेलाइट्स’मधील मठाध्यक्षा, अशी ती यादी लांबते. त्या यादीवरून नाट्यगृहाच्या चालकांना बाईंच्या योग्यतेची खात्री पटली होती हे दिसते. परंतु त्या कंठाचे खरे क्षेत्र कोणते ह्याचा निर्णय झालेला नव्हता हेही दिसते.

तो निर्णय केला रिचर्ड बॉनिंग ह्यांनी. सिडनीचेच रहिवासी, बाईंहून चार वर्षांनी लहान आणि पियानोवादक म्हणून लंडनला आलेला हा तरुण जुन्या इटालियन गायकीचा विलक्षण व्यासंगी होता. विस्मृतीत गेलेल्या ऑपेरांच्या प्रती जमविणे, गतकालीन गायिका कोणत्या जागी कोणते अलंकार घालीत ह्याचा शोध घेणे, हा त्याचा ध्यास. १९५४ च्या ऑक्टोबरात उभयतांचा विवाह झाला. परंतु त्याच्या आधीपासूनच त्यांच्यात एक दीर्घ वाद चालू होता, तो असा की बॉनिंग म्हणत, हा कंठ कोलोरातुराचा आहे. आणि बाई म्हणत, आपल्याला ते उंच स्वर लागणारच नाहीत. बाईंना निरपेक्ष स्वरज्ञान नव्हते, म्हणजे वाद्य न पाहता एखाद्या स्वराची नेमकी उंची त्यांना सांगता येत नसे. बॉनिंग ह्यांनी ह्याचाच उपयोग केला. कळफलक दिसणार नाही अशा जागी त्यांना उभे करून ते पट्टी हळूहळू चढवीत नेत, आणि आपण सी गात आहोत अशा समजुतीत बाई त्याच्याहून पुष्कळ वरचे स्वर गाऊन जात. ही हकीकत करमणुकीची म्हणून वारंवार सांगितली जाते. मला मात्र तिच्यात ह्या चरित्राचे मर्म दिसते. ज्या सामर्थ्याची गायिकेलाच कल्पना नव्हती, ते आधी दुसऱ्याच्या कानांनी ओळखले, आणि मग वर्षानुवर्षांच्या संयमी तालमीने ते प्रत्यक्षात आणले. मोठ्या आवाजास चपळ करणे हे लहान आवाजास चपळ करण्याहून कितीतरी कठीण असते. व्हॅगनरसाठी पोसलेला तो विशाल, तेजस्वी कंठ आपल्या आकारमानात रतिभर घट न होऊ देता ट्रिल आणि द्रुत स्वरमालिका घेऊ लागला, हे उभयतांच्या श्रमाचे फळ आहे. निसर्गदत्त देणगी म्हणून त्याची बोळवण करणे अन्यायाचे होईल.

१७ फेब्रुवारी १९५९ ह्या तारखेविषयी ह्या ग्रंथात एक संपूर्ण प्रकरण आहे, ते योग्यच आहे. त्या रात्री कॉव्हेंट गार्डन येथे दोनिझेत्तीचा ‘लुचिया दि लामरमूर’ सादर झाला. दिग्दर्शन फ्रांको झेफिरेल्ली ह्यांचे होते आणि वाद्यवृंदाचे नेतृत्व सेराफिन ह्यांचे. वॉल्टर स्कॉटच्या कादंबरीवर आधारलेली ही कृती १८३५ साली नेपल्समध्ये प्रथम झाली. तिची कथा थोडक्यात अशी की, वैरी घराण्यातील एडगार्दोवर अनुरक्त झालेल्या लुचियाला तिचा भाऊ आपल्या डळमळीत झालेल्या घराण्याच्या बचावासाठी दुसऱ्याशी विवाह करावयास भाग पाडतो. विवाहाच्याच रात्री ती नवऱ्याचा वध करते आणि भान हरपलेल्या स्थितीत पाहुण्यांसमोर येऊन एडगार्दोशीच आपले लग्न लागत आहे अशा भ्रमात गाऊ लागते. पाव तासाहून अधिक चालणारा हा उन्मादप्रवेश म्हणजे कोलोरातुरा गायिकेची कसोटी. त्याच्या अखेरीस आवाज आणि बासरी ह्यांचा जो प्रदीर्घ संवाद येतो, तो दोनिझेत्तीने लिहिलेला नव्हे. १८८९ च्या सुमारास पॅरिसमध्ये नेली मेलबा ह्यांच्यासाठी तो रचण्यात आला. मेलबाही ऑस्ट्रेलियाच्याच.

झेफिरेल्ली ह्यांनी लुचियाला रक्ताने माखलेल्या शुभ्र वस्त्रात रंगमंचावर आणले. उंच, रुंद बांध्याच्या आणि अभिनयाविषयी तोवर फारशी ख्याती नसलेल्या सदरलंडबाई त्या प्रवेशात रंगमंचावर जशा वावरल्या, त्याने प्रेक्षक चकित झाले. परंतु खरा चमत्कार गाण्यातच होता. बासरीच्या स्वरांचा पाठलाग करीत, मध्येच थबकत, मध्येच तिच्याशी एकरूप होत जाणारी ती स्वरावली ऐकताना असे ध्यानात येते की, येथे अलंकार हाच आशय आहे. सुसंगत बोलण्याची शक्ती हरवलेल्या मुलीपाशी शब्द उरलेले नाहीत, उरले आहेत ते केवळ स्वर. तिचे मन कोणत्याही एका विचारावर ठरत नाही म्हणूनच तिचा कंठ कोणत्याही एका स्वरावर ठरत नाही. दोनिझेत्तीच्या संगीतातले हे सत्य कॅलास ह्यांनी शब्दांच्या धारेने दाखविले होते. सदरलंडबाईंनी ते निखळ स्वरांतून दाखविले, आणि माझ्या मते हे दुसरे काम अधिक दुर्घट आहे. त्या प्रयोगाच्या रंगीत तालमीस स्वतः कॅलास उपस्थित होत्या. जी सखी सहा वर्षांपूर्वी त्यांच्या मागे उभी असे, तिचे त्यांनी त्या दिवशी अभिनंदन केले.

ह्यानंतरची कीर्ती वेगाने पसरली. नाकाच्या पोकळ्यांचा जुना विकार बाईंना छळीत असे. ‘लुचिया’नंतर लौकरच त्याची शस्त्रक्रिया करून घ्यावी लागली, आणि एवढ्या नाजूक जागी शस्त्र लागल्यावर आवाज शाबूत राहील की नाही ही धास्ती सर्वांनाच होती. आवाज शाबूत राहिला. १९६० च्या फेब्रुवारीत व्हेनिसला त्या हँडेलची ‘अल्चिना’ गायल्या, आणि तेथील रसिकांनी त्यांना ‘ला स्तुपेंदा’ ही पदवी बहाल केली. ती त्यांना आमरण चिकटली. १९६१ साली मिलानचे ला स्काला आणि त्याच वर्षी २६ नोव्हेंबर रोजी न्यूयॉर्कचे मेट्रोपॉलिटन, ह्या दोन्ही ठिकाणचे पदार्पण ‘लुचिया’नेच झाले. १९६३ साली व्हँकूव्हरमध्ये त्या प्रथम नॉर्मा झाल्या आणि मेरिलिन हॉर्न ह्यांच्याबरोबरच्या त्यांच्या द्वंद्वगीतांनी दोन समबल कंठांचे एक नवेच सौंदर्य जगापुढे आणले. पुढे बॉनिंग स्वतः वाद्यवृंदाचे नेतृत्व करू लागले. पत्नीच्या करारात पतीची वर्णी लागते, असा आक्षेप त्यावर घेण्यात आला. परंतु ‘सेमिरामिदे’, ‘बेआत्रिचे दि तेंदा’, मास्नेचा ‘एस्क्लारमोंद’ ह्यांसारख्या अडगळीत पडलेल्या कृती ज्या जिद्दीने ह्या जोडप्याने बाहेर काढल्या, ती पाहता त्या आक्षेपास फारसे वजन देण्याचे कारण मला दिसत नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि ह्या ग्रंथाच्या चरित्रकर्त्रीने तो झाकून ठेवला नाही ह्याबद्दल मी तिचे अभिनंदन करतो. बाईंचे शब्दोच्चार अस्पष्ट असत. विशेषतः १९६० नंतरच्या काही वर्षांतील ध्वनिमुद्रिकांत स्वराची अखंडता राखण्याच्या नादात व्यंजने विरघळून जातात, आणि इटालियन जाणणाऱ्या श्रोत्यासही पुस्तिका उघडून पाहावी लागते. हा दोष खरा आहे. पुढे त्यांनी त्यावर मेहनत घेतली आणि १९७१ च्या संपूर्ण ‘लुचिया’त त्याची सुधारणा स्पष्ट ऐकू येते, तरीही शब्दाला अर्थाची धार लावण्याची कॅलास ह्यांची शक्ती त्यांना कधीच लाभली नाही. दोघींचे चाहते आजही एकमेकांशी भांडतात. मला त्या भांडणात पडण्याची इच्छा नाही, कारण एकीच्या उणिवेने दुसरीचे दान वाढत नाही.

भारताशी ह्या कारकिर्दीचे जे दोन धागे जुळतात, त्यांची नोंद येथे केली पाहिजे. पहिला डेलीबच्या ‘लाक्मे’चा. १८८३ साली पॅरिसमध्ये सादर झालेल्या ह्या ऑपेराची नायिका नीलकंठ नावाच्या ब्राह्मणाची कन्या आहे. तिच्या प्रियकर इंग्रज अधिकाऱ्यास गर्दीतून हुडकून काढण्यासाठी बाप तिला भर बाजारात गावयास लावतो, आणि तेथेच ते सुप्रसिद्ध घंटागीत येते. त्यातील भारत फ्रेंच कल्पनेतील आहे. परंतु बापाच्या धाकाने गाणाऱ्या मुलीचे भय त्या गीताच्या घंटानादी स्वरांत खरे उतरले आहे, आणि सदरलंडबाईंनी ते १९६० साली व पुढे संपूर्ण ऑपेराच्या मुद्रणातही गायले. दुसरा धागा मुंबईत १९३६ साली जन्मलेले झुबिन मेहता ह्यांचा. १९७२ साली लंडनमध्ये त्यांच्या नेतृत्वाखाली पुच्चिनीच्या ‘तुरांदोत’चे ध्वनिमुद्रण झाले, त्यात बाईंनी तुरांदोतची भूमिका केली. ही निष्ठुर राजकन्या त्या रंगमंचावर कधीही गायल्या नाहीत. कोलोरातुरा म्हणून ख्यातनाम झालेल्या गायिकेने पोलादी आवाजाची ही भूमिका स्वीकारावी ह्याचे पुष्कळांना आश्चर्य वाटले. पण ज्यांना डिकन्स दांपत्याच्या काळातील व्हॅगनरच्या आशा ठाऊक होत्या, त्यांना ते वाटण्याचे कारण नव्हते. तो कंठ मुळातच तेवढा मोठा होता.

त्याच मुद्रणात नायक कालाफ गाणारे लुचानो पावारोत्ती हे तर बाईंचे ऋण उघडपणे मान्य करीत. १९६५ साली ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यासाठी बाईंनी जी मंडळी जमविली, तीत ह्या तरुण आणि बाईंच्या उंचीला शोभेल अशा धिप्पाड टेनरचा समावेश होता. श्वास पोटाच्या आधारे कसा पेलावा हे समजून घेण्यासाठी तालमीत तो बाईंच्या बरगड्यांखाली हात ठेवून पाही, असे तोच सांगत असे. सिडनीच्या घरी आईच्या पियानोपाशी जे अंगवळणी पडले, ते असे मोडेनाच्या एका पाववाल्याच्या मुलापर्यंत पोहोचले. दोघांनी १९६६ साली कॉव्हेंट गार्डनला दोनिझेत्तीचा ‘रेजिमेंटची कन्या’ केला, आणि शोकनायिका म्हणून गाजलेल्या बाईंमध्ये विनोदाची किती उत्तम जाण आहे हे लोकांना कळले.

मानसन्मानांची यादी मी येथे लांबवीत नाही. १९७९ साली त्यांना डेम ही पदवी मिळाली आणि १९९१ साली ऑर्डर ऑफ मेरिट, एवढे सांगितले म्हणजे पुरे. सहकाऱ्यांवर त्या क्वचितच रागावत आणि फावल्या वेळात भरतकाम करीत बसत. २ ऑक्टोबर १९९० रोजी, चौसष्टाव्या वर्षात, सिडनीच्या ऑपेरा हाउसमध्ये ‘ह्युगेनॉट्स’मधील राणी मार्गरीट गाऊन त्यांनी ऑपेरातून निवृत्ती पत्करली, आणि त्याच वर्षाच्या अखेरच्या रात्री कॉव्हेंट गार्डनला पावारोत्ती व हॉर्न ह्यांच्यासह रसिकांचा शेवटचा निरोप घेतला. आवाज अद्याप शाबूत असताना त्यांनी थांबावयाचे ठरविले, आणि त्यानंतर सार्वजनिक गायनास त्या परत आल्या नाहीत. १० ऑक्टोबर २०१० रोजी स्वित्झर्लंडमधील आपल्या घरी त्यांचे निधन झाले. सिडनी ऑपेरा हाउसमधील ऑपेराचे नाट्यगृह २०१२ पासून त्यांच्या नावाने ओळखले जाते.

वाचकांस एक विनंती करून मी रजा घेतो. ‘लुचिया’विषयीचे प्रकरण उघडण्यापूर्वी १९५९ साली पॅरिसमध्ये नेल्लो सांती ह्यांच्या वाद्यवृंदासह मुद्रित झालेला उन्मादप्रवेश त्यांनी एकदा शांतपणे ऐकावा, आणि प्रकरण वाचून झाल्यावर १९७१ चे मुद्रण ऐकावे. दोन्ही आज सहज उपलब्ध आहेत. भाषा समजली नाही तरी चिंता करू नये. तानेतला दाणा आणि सुरातली सचोटी ओळखण्याची सवय ज्या कानांना आहे, त्यांना ह्या बाईंची ओळख पटावयास दुभाषा लागणार नाही.